ऐकायलास का?

हे लिहावं की नाही, यात तीन आठवडे गेले. कारण वाचणाऱ्यांत निम्मी मंडळी घरचीच आहेत, आणि पुढे जे सांगणार आहे ते मी घरात अजून सगळ्यांना सांगितलेलं नाही. (वहिनी, आईला सांगून झालंय. तेव्हा लगेच फोन हातात घेऊ नका, आधी शेवटपर्यंत वाचा.)

विषय तसा साधा आहे. हेल्मेटमध्ये बसवायचा इंटरकॉम.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आगपेटीहून जरा मोठं एक यंत्र हेल्मेटच्या डाव्या बाजूला बाहेरून चिकटवायचं. आत कानांजवळ दोन चपटे स्पीकर आणि तोंडासमोर माइक. दोघांनी आपापल्या हेल्मेटला असं यंत्र लावलं की दोन गाड्यांवरून, किंवा पुढे-मागे बसून, आवाज न चढवता बोलता येतं. ब्लूटूथने ते मोबाईललाही जोडलं जातं, म्हणजे फोन, गाणी, नकाशातल्या बाईचं 'पुढे डावीकडे वळा', सगळं कानात. कार्डो नावाच्या इस्रायली कंपनीने २००४ च्या सुमारास हेल्मेटसाठी ब्लूटूथचं यंत्र बाजारात आणलं. आता कोरियाच्या सेनासारख्या कंपन्याही आहेत, आणि आपल्याकडे बेंगळुरूची ब्लूआर्मर आहे. ही ब्लूआर्मर आधी हेल्मेटमध्ये गार हवा सोडणारं यंत्र बनवायची. बीडचा मे महिना ज्याने हेल्मेट घालून काढलाय त्याला या कंपनीबद्दल आपोआप आपुलकी वाटेल.

तर, मागच्या दिवाळीत पुतण्या पुण्याहून त्याच्या गाडीवर आला. एक रात्र आमच्याकडे बीडला राहिला. सकाळी आम्हा दोघांना अंबाजोगाईला निघायचं होतं. बायको-मुलं दोन दिवस आधीच एसटीने पुढे गेली होती. निघताना त्याने बॅगेतून ते यंत्र काढलं.

"काका, हे तुमच्यासाठी. जोडी घेतलीय."

मी हसलो. म्हटलं, अरे बाबा, माझी स्प्लेंडर १५ वर्षांची. तिच्या आजच्या किमतीत असली दोन-तीन यंत्रं येतील. गाडीपेक्षा टोपी भारी व्हायची! आणि आमच्याकडे इंटरकॉम नव्हता असं थोडंच आहे? सुभाष रोडला जरा उभं राहून बघ. डोक्याला रुमाल गुंडाळलेला, रुमालात कानाशी मोबाईल खोचलेला, नसेल तर खांदा वर आणि मान वाकडी, अशी माणसं गर्दीतून गाडी काढत सगळा व्यवहार करत असतात. सोयरीक ठरते, बैलाचा सौदा होतो, मुकादमाशी उचलीवरून भांडण होतं... सगळं गाडीवर.

तो काही बोलला नाही. हसत हसत माझ्या हेल्मेटचं अस्तर उचकटून स्पीकर बसवले, तार आत दडवली, आणि फोन आला तर आपोआप उचलला जाईल अशी सोय करून दिली. "म्हणजे तुम्हाला हात काढायची गरज नाही." ही आपोआपची गोष्ट लक्षात ठेवा.

पाली सोडून घाट सुरू झाला तसा कानात आवाज आला. "काका, वळणावर खडी पडलीय. डावीकडून या." आलो. खडी होतीच. पुढे, "समोरून एसटी आहे, तिच्यामागे एक जीप बाहेर डोकावतेय." जीप डोकावतच होती. मला ती अजून दिसलेलीसुद्धा नव्हती.

खरं सांगतो, मांजरसुंबा येईपर्यंत माझं हसू पार मावळलं होतं. मी ३० वर्षं गाडी चालवतोय. पुढच्याने डावा पाय बाहेर काढला की खड्डा, समोरच्याने दिवा मारला की पुढे काहीतरी आहे, एवढीच आमची भाषा. तिच्यात खड्डा कळतो, खड्ड्यात पाणी आहे की नाही ते कळत नाही. इथे तर माझे डोळे जणू २०० मीटर पुढे गेले होते. मांजरसुंब्याला चहा घेताना मी त्याला म्हणालो, "हे लई भारी आहे राव." पोरगं खूष.

अंबाजोगाईत दुसऱ्या दिवशी बायकोला मागे बसवून योगेश्वरीच्या दर्शनाला नेलं, दोघांच्या डोक्यावर यंत्रं. ती म्हणाली, आता मागून ओरडावं लागत नाही, हळू आवाजातसुद्धा भांडता येतं. थोडक्यात, सगळ्या घराला यंत्र पसंत पडलं.

आता परतीचं.

मला ऑफिस होतं म्हणून मी एकटाच संध्याकाळी निघालो. बाकी सगळे तिकडेच राहिले. आईने नेहमीप्रमाणे पिशवी भरून दिली. धपाटे, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, आणि स्टीलच्या डब्यात लिंबाचं लोणचं. केज सोडलं तेव्हा अंधार पडला होता. रस्ता आता पूर्वीपेक्षा रुंद झालाय, त्यामुळे माझ्यासारख्याची जुनी गाडीही न कळत ६० वर जाते. दिवाळी झाली की आपल्याकडे हंगाम सुरू होतो. जिल्ह्यातली निम्मी गावं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेली असतात, आणि इथल्या रस्त्यांवरही एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या अशी उसाची वाहतूक चालू होते. हे मला माहीत होतं. जिल्ह्यातल्या लहान पोरालाही माहीत असतं.

कानात रिंग वाजली आणि दोन-तीन रिंगांनंतर आपोआप फोन उचलला गेला.

"कुठवर आलास रे बाबा?"

आई.

म्हटलं, केज सोडलं. मग ती बोलू लागली. लोणच्याचा डबा आडवा झाला असेल तर तेल सांडेल, तो उभा आहे का बघ. (आता गाडीवर कसा बघू?) चटणीची पुडी वेगळी बांधलीय. धपाटे उद्याच संपव, परवावर ठेवू नकोस. मी 'हो', 'हो' करत होतो. तिने विचारलं, लोणच्याची पिशवी हँडलला अडकवलीस का मागे बांधलीस? आणि मी आठवू लागलो. खरोखर आठवू लागलो. निघताना दादाने पिशवी हातात दिली, मग मी ती... मागे बांधली? की...

त्या वेळी माझे डोळे उघडे होते. रस्त्यावरच होते. पण मला रस्ता दिसत नव्हता, मला अंबाजोगाईचं अंगण दिसत होतं.

ट्रॉली रस्त्यातच उभी होती. दिवा नाही, मागे लाल पट्टी नाही. टायर फुटला असावा. मागे तीन दगड आणि एक बाभळीची फांदी ठेवलेली. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. मला आधी ती फांदी दिसली. मी दोन्ही ब्रेक दाबले, मागचं चाक घसरलं, गाडी तिरकी झाली, आणि कशी कोण जाणे, फांदीवरून उजवीकडे निघून थांबली. उजवीकडून त्या वेळी काही येत नव्हतं, एवढंच. माझं त्यात काही कौशल्य नाही.

इंजिन बंद पडलं होतं. उसाचा वास येत होता. आणि कानात, अगदी स्पष्ट, घरात शेजारी बसल्यासारखा आवाज:

"ऐकायलास का?"

"ऐकायलोय," मी म्हणालो. "आई, नंतर करतो."

पिशवी मागे बांधलेली होती. डबा उभा होता, तेलाचा थेंब सांडला नव्हता.

त्या रात्री झोप लागली नाही. पहिला राग साहजिकच ट्रॉलीवाल्यावर आला, आणि तो चुकीचा नाही. एक परावर्तक पट्टी लावायला काय जातं? दरवर्षी हंगामात याच कारणाने माणसं जातात. पण तीच ट्रॉली आदल्या सकाळी असती आणि पुढे पुतण्या असता, तर कानातल्या त्याच स्पीकरमधून मला आधीच कळलं असतं. म्हणजे यंत्र तेच, कान तेच, मीही तोच. एका दिवशी कानातल्या आवाजाने मला खडीतून वाचवलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागच्या आवाजाने ट्रॉलीवर घातलं असतं. फरक कशाचा?

म्हणून थोडं वाचलं. १९९७ साली टोरांटोच्या रेडेलमायर आणि टिबशिरानी या दोघांचा एक अभ्यास छापून आला होता. मोबाईल असलेल्या आणि अपघात झालेल्या ६९९ कारचालकांच्या फोनच्या नोंदी त्यांनी तपासल्या. फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो असं निघालं. मला चमकायला झालं ते पुढच्या गोष्टीने. फोन हातात न धरता बोलणाऱ्यांचा धोका काही कमी निघाला नाही. म्हणजे हात मोकळे असणं हे उत्तरच नव्हतं!

आणि आपला कायदा नेमका हाताकडे बघतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, त्यात धोकादायक चालवण्याच्या कलमात 'हातात धरलेलं' संपर्काचं साधन असा उल्लेख आला. ठीक आहे. रुमालात मोबाईल खोचणाऱ्या, मान वाकडी करणाऱ्यांसाठी काहीतरी तर हवंच. पण माझे दोन्ही हात हँडलवर होते. डोक्यावर हेल्मेट होतं, त्याचा पट्टाही लावलेला होता. पोलिसाने अडवलं असतं तर शाबासकीच दिली असती.

दुसरा अभ्यास २००८ चा, अमेरिकेतल्या युटाचा. तिथे ड्रूज, पसुपती आणि स्ट्रेयर या संशोधकांनी लोकांना गाडी चालवण्याच्या नकली यंत्रावर बसवलं. काहींच्या शेजारी त्यांचा मित्र बसला, काहींशी मित्र फोनवर बोलला. ठरलेल्या ठिकाणी गाडी बाहेर वळवायची होती. फोनवर बोलणाऱ्यांपैकी बरेच जण ते वळण चुकून सरळ निघून गेले. शेजारी मित्र असणाऱ्यांचं तसं झालं नाही. कारण शेजारचा माणूस रस्ता बघत असतो. गर्दी आली की तोही गप्प होतो, किंवा बोललाच तर रस्त्याबद्दल बोलतो. वळण आलं की 'अरे, इथेच' म्हणतो. फोनवरच्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याचं बोलणं आपल्या गतीने चालूच राहतं.

हे वाचलं आणि मला एकदम अण्णांची राजदूत आठवली.

मी पाच-सहा वर्षांचा असेन. टाकीवर मी, मागे आई, एक हात अण्णांच्या खांद्यावर. अंबाजोगाईहून बीडला मामाकडे जायचो. कार्तिकात कपिलधारच्या यात्रेलाही असेच. आई रस्ताभर बोलायची. अमक्याची मुलगी, तमक्याचं जावळ, यंदाची ज्वारी. राजदूतच्या आवाजावरून बोलायचं म्हणजे ओरडूनच, तोंड अण्णांच्या कानाशी नेऊन. पण मांजरसुंब्याचा घाट उतरायला लागला की आवाज बंद. समोरून ट्रक आला की वाक्य अर्ध्यात तोडायची आणि ट्रक गेल्यावर त्याच शब्दापासून पुढे चालू करायची. कधी नुसतंच खांद्यावर दोन बोटं दाबायची. मागून गाडी येतेय असा त्याचा अर्थ. अण्णा मान न वळवता डावीकडे घ्यायचे.

आमच्या घरातला पहिला इंटरकॉम तो. त्यालाही सगळं दिसत होतं.

तीच बाई. तीच माया. बोलणंही साधारण तेच. फक्त आता ती ५० किलोमीटर लांब ओसरीवर बसलेली होती आणि तिला ट्रॉली दिसत नव्हती. दिसली असती तर डब्याचं वाक्य तिने अर्ध्यात तोडलं असतं, याची मला खात्री आहे.

म्हणून माझं मत असं झालंय: इंटरकॉम जरूर वापरा, पण गाडी चालत असताना कानात त्यानेच बोलावं ज्याच्या डोळ्यांपुढे तोच रस्ता आहे. मागे बसलेल्याने बोलावं. पुढच्या-मागच्या गाडीवरच्याने बोलावं. घरच्याने नाही, ऑफिसच्याने नाही, बँकेचं कर्ज विकणाऱ्या मुलीने तर नाहीच नाही.

पुतण्याला हे सांगितलं तर त्याने मान हलवली आणि एक चांगली गोष्ट जोडली. त्यांच्या ग्रुपमध्ये सहा-सात गाड्या एकाच वेळी जोडलेल्या असतात. आता मेश नावाचा प्रकार आलाय, एक गाडी लांब गेली तरी बाकीच्यांचं चालू राहतं आणि ती जवळ आली की आपोआप जोडली जाते. पण सात जण सात ठिकाणी असतात. पहिला घाट उतरलेला असतो, शेवटचा अजून चढावर. मागचा विनोद सांगतो, पुढचा त्याच वेळी वळणावर असतो. म्हणजे 'तोच रस्ता' म्हणजे तोच जिल्हा नव्हे, तेच वळण. शिवाय डोंगर मध्ये आला की आवाज तुटतो. कंपनीने खोक्यावर किलोमीटरभर लिहिलेलं असतं, ते मोकळ्या माळावरचं. घाटात 'काका, सम...' एवढंच येतं आणि पुढे खरखर. मग मन त्या 'सम'च्या मागे धावतं. समोर? समजा? समोसा? म्हणून त्यांनी आता ठरवलंय की घाटात फक्त पुढच्याने बोलायचं, तेही रस्त्याबद्दल, तेही दोन-तीन शब्दांत. मला हे पटलं.

तुम्ही म्हणाल, मग फोन उचलायचा नाही, संपलं. एवढं सोपं असतं तर मी तीन आठवडे घालवले नसते.

आपल्याकडे न उचललेल्या फोनचा अर्थ काय होतो हे तुम्हाला माहीत आहे. रात्रीची वेळ, माणूस गाडीवर, फोन लागत नाही. घरच्याच्या पोटात कालवतं. आणि ते उगीच नाही. कारखान्याला गेलेली जोडपी ट्रॅक्टरवर, ट्रकवर बसून रात्रीच्या रात्री प्रवास करतात. मागे राहिलेली म्हातारी माणसं आणि पोरं 'पोचलो' या एका शब्दाची वाट बघत बसतात. या जिल्ह्यात कुणीतरी कायम रस्त्यावर असतं. 'कुठवर आलास' हा प्रश्न इथे चौकशीचा नसतोच, तो नवसासारखा असतो. तो न उचलणं मला जमत नव्हतं. म्हणून तर ती आपोआप उचलायची सोय मला सुरुवातीला इतकी आवडली होती. आईला वाट बघायला लागणार नाही, असं वाटलं होतं.

शेवटी मागच्या आठवड्यात आईला सांगितलं. सगळं. दगड, फांदी, घसरलेलं चाक. फोनवर नाही, समोर बसून. वाटलं होतं ती रडेल, नाहीतर गाडीच विकून टाक म्हणेल. ती बराच वेळ काही बोलली नाही. शेंगा सोलत होती, ते हात थांबले.

मग म्हणाली, "मला काय दिसतंय का रे हितून, ट्रॉली हाय का काय हाय ते? तू म्हणायचंस ना, आई ठेव म्हणून."

मी म्हटलं, "कसं म्हणू?"

"कसं म्हणू म्हंजे? अण्णांच्या मागं बसून घाटात मी कधी तोंड उघडलं व्हतं का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. 'आई, आत्ता नको' हे तीन शब्द मला त्या रात्री सुचले नाहीत, याला यंत्र जबाबदार नाही आणि आई तर नाहीच.

तर आता आमचं असं ठरलंय. यंत्रातली ती आपोआपची सोय बंद. गाडी चालू असताना फोन मुका. निघताना मी एक फोन करणार. केजला थांबून एक, मांजरसुंब्याला चहाला थांबून एक, आणि घरी पोचल्यावर एक. त्याने प्रवास २० मिनिटांनी वाढतो. वाढू दे. या वयात दर ३० किलोमीटरला पाठीलाही तेवढीच विश्रांती लागते. काल पहिल्यांदा असं करून बघितलं. मांजरसुंब्याहून फोन केला तर पहिल्याच रिंगला उचलला. मोबाईल मांडीवरच घेऊन बसली असणार.

"चहा घेतलास?"

"घ्यायलोय."

"मग घाट उतर सावकाश. ठेवते."

आणि खरंच ठेवला. तिच्याशी माझं इतकं छोटं बोलणं आजवर झालं नव्हतं.

तेव्हा ताई, दादा, वहिनी, पुण्याची मंडळी आणि बाकी सगळे, मी गाडीवर असताना फोन उचलला नाही तर रागावू नका आणि घाबरूही नका. पुढच्या चहाला थांबलो की करतो.